आपल्यात चालत नाही

मूल सांभाळायला आणायचं हे माझ्या डोक्यातलं खूळ, असं आमचे हे अजून म्हणतात, आणि ते खरंच आहे. मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला, सांगलीच्या विश्रामबागेतलं घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि मला तर दिवसातून दोनचारदा कुणावर तरी ओरडल्याशिवाय अन्न पचत नाही. यांच्यावर ओरडून उपयोग नसतो. हे सगळं ऐकून घेतात आणि पेपरचं पान उलटतात.

दत्तक नव्हे, प्रतिपालक. हा फरक मी नंतर इतक्या जणींना समजावला की झोपेतही सांगू शकेन. आईबापाला मूल सांभाळणं जमेनासं झालं की बालकल्याण समिती त्याला काही काळ दुसऱ्या घरी ठेवते. मधूनमधून समिती विचारपूस करते, मूल तिथेच ठेवायचं की नाही ते ठरवते, आणि आईबाप सावरले की ते त्यांच्याकडे परत जातं. मला हे फार पटलं. दत्तक म्हटलं की वाटण्या आल्या, भाऊबंद आले. यात नुसतं पुण्य. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मी चारचौघींना असंच सांगितलं होतं, 'नुसतं पुण्य' म्हणून.

घर बघायला एक समाजसेविका आली. वयाने माझ्या मुलाएवढी, हेल्मेट काखेत, चहाला नाही म्हणणारी. तिने पंखे, संडास, मुलीची खोली सगळं बघितलं आणि विचारलं, "तुमची काही अट?"

मी म्हटलं, "अट कसली? शाकाहारी मुलगी मिळाली तर बरं, एवढंच. आम्ही कांदालसूणसुद्धा चातुर्मासात बंद करतो."

ती हसली. "काकू, मुलं काही मेनूकार्ड बघून येत नाहीत."

मला राग आला होता. पण मुलगी हवी होती, म्हणून मीही हसले.

पोरगी आली ती अकराव्या वर्षात होती. मूळची रहिमतपूरकडची. बाप नव्हता. आई सांगलीत एका मेसमध्ये चपात्या लाटायची. तिला मनाचा आजार जडला, काम सुटलं, पोरीला घेऊन ती रस्त्यावर बसायला लागली, तेव्हा पोरीला बालगृहात ठेवावं लागलं. आई आता औषधं घेत होती आणि कराडजवळ मलकापुरात भावाकडे राहत होती. पोरगी किडकिडीत, डोळे मोठे, आणि कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी "घिऊ?" असं विचारायची. मला ते वळण वाटलं. ते वळण नव्हतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या आत मी ताट वाढलं, कारण आम्ही अंधार पडल्यावर जेवत नाही. भाकरी, मुगाची आमटी, वांगं, दही. ती ताटाकडे बघत बसली आणि म्हणाली, "काकू, अंडं न्हाई का वो?"

मी म्हटलं, "आपल्यात चालत नाही."

प्रेमानेच म्हटलं. 'आपल्यात' म्हणून मी तिला घरात घेतलं, असंच मला वाटलं होतं. तिने मान हलवली आणि सगळं जेवली. ती हात धुवायला उठल्यावर हे हळूच म्हणाले, "चौकात गाडीवर भुर्जी मिळते. मी नेऊन आणतो की कधीतरी. पोर आहे."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "न्या की. येताना दोघांनाही दारात उभं करून अंघोळ घालते. आणि असले चोचले असणारी असेल तर उद्याच फोन करते, घेऊन जा म्हणून."

चेष्टाच होती. आमच्यात मी बोलते आणि हे सोडून देतात, असंच चाललंय इतकी वर्षं. पण पोरगी तेव्हा दाराशी हात पुसत उभी होती. तिने ऐकलं, हे मी बघितलं. बघूनही त्यावर काही बोलले नाही, कारण मुलांच्या काही लक्षात राहत नाही असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तिने अंड्याचं नाव काढलं नाही. उलट चार महिन्यांत ती आमच्यातल्या पोरींपेक्षा आमच्यातली झाली. बटाटा ताटात आला तर "चालतंय न्हवं ह्ये?" म्हणून विचारायची. सूर्य मावळायच्या आत पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. णमोकार मंत्र पाठ केला. बस्तीतल्या बायका कौतुकाने बघायच्या आणि माझी मान ताठ व्हायची. एकदा एकीने विचारलं, "काय जादू केलीत हो?" मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "तिचेच गुण. नाहीतर ठेवली असती का मी?" सगळ्या हसल्या. पोरगीही हसली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आमच्याकडे त्या दहा दिवसांत जो तो झेपेल तसं व्रत करतो. लहान पोरं एकाशन करतात, म्हणजे एकदाच जेवतात. पोरीने जाहीर केलं की ती चतुर्दशीला कडक उपवास करणार, दिवसभर अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी. हे म्हणाले, "एकाशन कर म्हणावं. अंगात काय आहे तिच्या?" मी म्हटलं, "तिची श्रद्धा आहे. आपण कोण आडवे येणार?" खरं सांगायचं तर तोवर मी ते बस्तीत सांगूनही आले होते. बाहेरून आलेली पोर उपवास करते म्हटल्यावर बायकांनी लगेच सत्काराचं ठरवलं होतं.

चतुर्दशीच्या दुपारी ती खेळलीसुद्धा. संध्याकाळी मात्र उशी पोटाशी धरून पडून राहिली. ओठांवर सालं आली होती. मी शेजारी बसून तिचे पाय चेपत होते, आणि मनातून खूश होते, हेही लिहायला हवं. तेव्हा तिने डोळे न उघडता विचारलं, "काकू, एक उपास पुरतो का वो?"

"कशाला पुरतो?"

"हितं ऱ्हायाला. ती समितीची माणसं इचारणार हाईत न्हवं तुमाला, ठेवायची का न्हाई म्हणून. दोन करू का?"

माझा हात तिच्या पायावर तसाच राहिला. पुढचं लिहिताना मला अजून कसंतरी होतं. तिला कुशीत घ्यायच्या आधी, काही बोलायच्याही आधी, मी मान वळवून हे बाहेरच्या खोलीत ऐकत तर नाहीत ना, ते बघितलं. मग म्हटलं, "वेडी आहेस का? असं कुणी म्हणतं का?" म्हणत होते मी, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तेव्हाच उठून तिला दूधभात खाऊ घालायला हवा होता. उपवास मोडला असता, काय आभाळ कोसळणार होतं? पण सकाळी पारणं होतं, नारळ आणून झाले होते, नणंद मिरजेहून खास येणार होती. मी तिला गरम पाणी दिलं आणि म्हटलं, "आता थोडंच राहिलंय."

सकाळी बस्तीत तिला पाटावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. पहिला घास मीच भरवला. फोटो निघाले. फोटोत ती माझ्याकडे बघते आहे, इतक्या आशेने, की मी तो फोटो नंतर कुणाला पाठवला नाही. नणंदेने मात्र सगळ्यांना पाठवला. दिवसभर माझ्या फोनवर हात जोडलेले आणि फुलं येत होती, आणि मी प्रत्येकीला हात जोडून उत्तर देत होते. लाज एकीकडे, हात एकीकडे.

पुढच्या भेटीला समाजसेविका आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सत्काराचं तेवढं गाळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तिला खात्री नाही काकू, की काही न करता कुणी आपल्याला ठेवून घेतं. तुम्ही तिला आईकडे भेटीला नेणार आहात ना? तिथे मोकळी सोडा."

मीही सुधारायला निघाले होते. पोरीला म्हटलं, "तुला अंडं खावंसं वाटलं तर काकांबरोबर चौकात जाऊन खा. मी काही म्हणणार नाही." ती ताबडतोब म्हणाली, "मला त्याचा वासच सहन हुत न्हाई." वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर हुशार पोरं देतात तसं उत्तर. नाकसुद्धा मुरडून दाखवलं. ते नाक मुरडणं माझंच होतं.

मग आम्ही मलकापूरला गेलो. गाडी यांनी चालवली आणि हे गाडीतच थांबले. आईच्या भावाच्या दोन खोल्या, दारात तुळस, आत स्वच्छ सारवल्यासारखी फरशी. आई माझ्यापेक्षा कितीतरी लहान. औषधांमुळे तिचे हात थोडे कापत होते. तिने माझ्यापुढे चहा ठेवला, स्टीलच्या पेल्यात, पेल्यावर दुकानातलं लेबल तसंच. "नवा हाय ताई," ती म्हणाली, "कशाला लागल्याला न्हाई. तुमच्यात आमच्या भांड्यातलं चालत नसंल." मी काही बोलायच्या आत तिने केळी पुढे सरकवली.

लेकीसाठी तिने अंड्याचा रस्सा केला होता. सकाळपासून केला असणार. खोलीभर तो वास होता, मसाला वाटलेला पाटा अजून ओला होता. तिने भाकरी कुस्करून ताट पोरीसमोर ठेवलं आणि तिच्याकडे बघत बसली. पोरीने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी खात न्हाई आता मम्मी," ती म्हणाली. "मला आवडत न्हाई."

 आईने ताट हळूच बाजूला घेतलं. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, म्हणाली, "लय चांगलं वळण लावलंसा ताई. माझ्याच्यानं काय झालं नसतं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन आल्याचं सोंग करून मी बाहेर आले आणि तुळशीपाशी उभी राहिले. मला वाटलं, मी नजरेआड झाले की खाईल. आतून आईचा आवाज आला, "गेल्या त्या. खा की एक घास. तुझ्यासाठी केलंय." आणि पोरीचा, अगदी बारीक, "नगं मम्मी. तोंडाला वास येतो. गाडीत कळंल त्यांस्नी."

मी आत गेले. आईच्या हाताशी सरकलेलं ताट उचललं, पोरीसमोर परत ठेवलं, आणि रडू येऊ नये म्हणून आवाज नको तेवढा चढला. "खा," मी म्हटलं. "आईने केलंय. सगळं खायचं."

तिने एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, अंदाज घेतला, आणि लगेच खायला लागली. आई डोळे पुसत हसली, लेक जेवतेय म्हणून. पोरगी भराभर घास गिळत होती, आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत होती, बरोबर करतेय ना, म्हणून.