पंखाखालची खूण

संग्रहालयातल्या जुन्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली रंगाचे पोपडे सुटले होते आणि आपल्या खुणेआडून शत्रूची काळी खूण डोकावत होती. चाकांच्या खुर्चीत बसलेले अण्णा, माझे वडील, तिकडेच एकटक पाहत होते.

युद्धात हे विमान आपल्या हाती लागलं, तेव्हा त्यावर आपली खूण रंगवायचं काम अण्णांकडे होतं. वरून त्यांनी रंगाचे तीन हात दिले. पंखाखाली मात्र मान वर करून रंगवताना थेंब डोळ्यांत पडत, म्हणून एकच दिला. तो वाळला आणि काळं पुन्हा दिसू लागलं. आपल्याच तोफांनी खालून तेवढंच पाहिलं आणि विमानावर मारा केला. विमान कसंबसं उतरलं, पण वैमानिकाला उचलून बाहेर काढावं लागलं.

“अण्णा, युद्ध होतं ते,” मी म्हणालो. एवढ्या मोठ्या शब्दाखाली एका माणसाचा आळस सहज झाकून जातो. अण्णांना तो आडोसा नको होता.

“अर्ध्या तासाचं काम होतं रे,” ते म्हणाले.

मग त्यांनी थुंकीने अंगठा ओला केला आणि पंखाखालची काळी खूण पुसायला हात उचलला. मी खुर्ची पुढे ढकलली. हात पोचेना.

“अजून थोडं वर घे मला,” अण्णा म्हणाले.