तांबी काढायची होती

बहरैनमधली आमच्याकडची कुटुंबं शरीराची बरीच कामं सुट्टीपर्यंत मागे ठेवतात. दात, चष्मा, रक्ताच्या तपासण्या, सगळं नागपूरला गेल्यावर. माझी तांबीही अशाच एका लीव्हमध्ये बसवली होती, मुलगी वर्षाची असताना. आमच्या विम्यात प्रसूती बसते. ती होऊ नये म्हणून केलेलं काहीही बसत नाही.

मुलगी आता दुसरीत आहे. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. तिचे लहानपणचे कपडे शेजारणी मागत, आणि मी "शोधून ठेवते" म्हणत असे. ते कपाटातच होते. दुसरं मूल हवं, हे नवऱ्याशी सरळ बोलायला मात्र मला फार वेळ लागला. तो सलमाबादला एका वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. आधी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होऊ दे, म्हणाला. ते झालं. मग म्हणाला, "लीव्हवर गेलो की काढून घे नं." मागची लीव्ह कामामुळे रद्द झाली होती आणि पुढचीचं नक्की नव्हतं. माझी चाळिशी जवळ आली होती.

मी घराजवळच्या, सनद भागातल्या क्लिनिकमध्ये गेले. लावणं विम्यात बसत नसलं, तरी काढणं प्रसूतीच्याच बाजूचं, असं मी धरून चालले होते. ऑफिसातल्या मैत्रिणींनाही तसंच वाटत होतं.

काउंटरवरच्या मल्याळी मुलीनं कार्ड तपासलं. "मॅडम, रिजेक्ट आया. लगाना, निकालना, दोनों कॉन्ट्रासेप्शन में जाता है."

"मुझे बच्चा चाहिए, इसीलिए तो निकालना है."

"मालूम है, मॅडम. सिस्टम को कौन समझाए?" ती हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. "बेबी आएगा तो सब कवर है."

मी बाजूला होऊन नवऱ्याला फोन लावला. मागे ग्राइंडर चालू होता.

"मफी?" त्यानं विचारलं. 'नाही'साठी इथला हा अरबी शब्द आमच्याही तोंडी बसला आहे.

"मफी."

"मंग थांब नं जराशी. लीव्ह भेटनच."

"अन् नाही भेटली तर? तुझी पोरगी कॉलेजात जाईल, तेव्हा काढू?"

तो बाहेर आला असावा. ग्राइंडरचा आवाज कमी झाला. "बरं," तो म्हणाला, "काढून टाक. यल्ला, चल."

पैसे मीच भरले. आत डॉक्टरबाईंनी खोकायला सांगितलं. मी खोकले, आणि झालं. एवढ्याशा कामासाठी मी दोन लीव्हची वाट पाहिली होती.

त्याला आता काही महिने झाले. महिना भरत आला की नवरा तोंडानं काही विचारत नाही. कामावरून येतो, दारातच उभा राहतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतो. मी नकारार्थी मान हलवते. "असू दे," म्हणतो आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडतो. नेहमीपेक्षा त्याला जास्त वेळ लागतो.