पक्कं बिल

आमच्या घरात तांब्याचा बंब होता. तो घेतला होता अक्कासाठी, माझ्या मोठ्या बहिणीसाठी, आणि वापरला आम्ही. दहा-बारा वर्षं त्यातल्या कढत पाण्याने अंघोळ करून मी ऑफिसला गेले. याची मला लाज वाटते, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

माझे वडील, म्हणजे आबा, पहूरला शाळामास्तर होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शेवटी कर्तव्यांचा धडा असे. त्यावर परीक्षेत जेमतेम दोन मार्कांचा प्रश्न यायचा, त्यामुळे बाकीचे मास्तर तो घरी वाचायला सांगून मोकळे होत. आबा त्या धड्यावर आठवडा घालवत. कर भरतो तो देशाचा मालक आणि चुकवतो तो देशाचा चोर, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मुलांकडून ते पाठ करून घेत. फळ्यावरचं फळ्यावर राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण आबा ते घरी घेऊन येत.

चपला घ्या, छत्री घ्या, रेडिओचे सेल घ्या, आबा दुकानदाराला म्हणणार, पक्कं बिल द्या. दुकानदार समजावणार की बिल घेतलं तर टॅक्स लागेल, कशाला उगीच. आबा म्हणणार, लागू द्या. घरी आले की ते बिल खुंटीजवळच्या तारेत टोचत. तार भरली की सगळी बिलं सुतळीने बांधून ट्रंकेत जात. चपला झिजून उकिरड्यावर गेलेल्या असत आणि त्यांचं बिल मात्र ट्रंकेत शाबूत. आई सोनगीरची. तिने आबांच्या या व्रताला तोंडाने कधी विरोध केला नाही. फक्त घर झाडताना त्या तारेवरची धूळ ती मुद्दाम तशीच ठेवायची.

अक्काचं लग्न रावेरकडच्या केळीवाल्यांत ठरलं. त्यांच्या केळीचे ट्रक थेट दिल्लीला जात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, आणि मास्तरांच्या पगारातून तो हातात यायच्या आधीच कापला जातो. याबद्दल आबांना काहीच वाटत नसे. कायद्याने माफ आहे म्हटल्यावर माफ आहे, इतकं त्यांचं सरळ होतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला मात्र खूप काही वाटायचं. सुपारी फुटली त्या दिवशी पाहुण्यांनी हुंडा नको म्हणून ऐटीत सांगितलं आणि भांड्यांची यादी पुढे केली. यादीत सगळ्यात शेवटी होता तांब्याचा बंब, मोठा.

आबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलले. आई, अक्का, मी आणि आबा असे चौघं जळगावला भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा. त्याने चहा मागवला, यादीबरहुकूम एकेक भांडं वाजवून दाखवलं आणि बेरीज केली. बंबासकट सगळं बसत होतं. वर नावं कोरायचे पैसेही सुटत होते. आईने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि आबा म्हणाले, पक्कं बिल करा.

दुकानदाराने आधी हसून पाहिलं. मग टॅक्स धरून बेरीज केली. चमचे काढले, पोळपाट काढला, परात लहान केली, तरी मेळ बसेना. बंब काढला की बसत होता. आई चारचौघांत आबांशी कधी वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली, आणि तिच्या माहेरच्या बोलीत बोलली.

"बठ्ठं सरकारलेच दी टाका. पोरले काय देशात?"

सगळं सरकारला दिलं तर पोरीला काय देणार, या तिच्या प्रश्नावर ते दुकानदाराकडेच बघून म्हणाले की आज चुकवला तर सोमवारी मी वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू. शेवटी अक्का म्हणाली, राहू द्या बंब, पुढे कधीतरी घेऊ. ती हे आबांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे आबा प्रत्येकाला सांगत राहिले की बंब नको असं आमची अक्काच म्हणाली. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची, अजूनही जाते.

दुकानदाराने बिल फाडून दिलं. गल्ल्यावर एक बिलबुक समोरच पडलेलं होतं. त्याने गादीखाली हात घालून दुसरं काढलं. मला ते दिसलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

लग्नात भांडी मांडली तेव्हा व्याह्यांनी यादी काढून ताडून पाहिली. बंब कुठे म्हणून विचारलं. दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, गाडी मागे राहिलीय, येतोय. आबांनी कोटाच्या खिशातून बिल काढलं, मांडवात उलगडलं आणि टॅक्सच्या आकड्यावर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं. त्यांना खरंच वाटत होतं की हे कळल्यावर समोरचा माणूस मान डोलावेल. व्याह्यांना वाटलं, मास्तर भांड्यांच्या किमती दाखवतोय.

"सरकारले द्याले पैसे हायेत तुमच्यापाशी, अन् पोरीले द्याले नाही?" ते म्हणाले. आजूबाजूचे हसले. अक्का बोहल्यावर होती आणि हे तिच्या कानावर गेलं.

पुढच्या दिवाळीला आबांनी बोनसमधून बंब घेतला. त्याच दुकानातून, पक्कं बिल घेऊन. एसटीच्या टपावर बांधून रावेरला नेला. अक्काच्या सासूने तो ओसरीवरूनच परत पाठवला. मांडवात जो चारजणांना दिसला नाही तो आता कशाला, असं म्हणाली. आबा त्याच एसटीने परत आले. बंब आमच्या न्हाणीघरात बसला. तिकडे अक्का अकरा माणसांचं पाणी चुलीवरच्या पातेल्यांत तापवायची. थंडीच्या दिवसांत पाण्याला उशीर झाला की सासू म्हणायची, तुह्या बापाचा बंब सरकारच्या घरी हाये. पहिल्या वर्षी अक्काने हे आम्हाला हसत हसत सांगितलं. तिसऱ्या वर्षी पातेलं उतरवताना हातातून सुटलं आणि तिचं उजवं पाऊल घोट्यापर्यंत भाजलं. मग तिने सांगायचं बंद केलं.

मला जळगावला विक्रीकराच्या ऑफिसात कारकुनी मिळाली. आबांनी शाळेत पेढे वाटले. मुलगी आता राष्ट्राच्या तिजोरीवर बसली असं ते म्हणत, आणि मी बसायचे गळक्या छताखाली फायलींच्या ढिगात. दोनेक वर्षांनी एक फाईल माझ्या टेबलावर आली. त्याच भांडेवाल्याची. साहेबांनी दुकानाची तपासणी केली होती आणि त्यांना संशय होता की तो दोन बिलबुकं ठेवतो. बहुतेक गिऱ्हाईकं बिल घेतच नाहीत. जी थोडी अडून बसतात त्यांना दुसऱ्या पुस्तकातलं बिल देतो आणि त्यांचा टॅक्स स्वतःच्या खिशात टाकतो. पण ते दुसरं पुस्तक काही हाती लागलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडचं अस्सल बिल मिळालं तरच केस उभी राहणार होती. साहेब म्हणाले, भांड्यांची बिलं वर्षानुवर्षं सांभाळून ठेवणारा वेडा आता कुठून आणायचा. सगळे हसले. मीही हसले, तसली ट्रंक आमच्याच घरात असून.

आठ दिवस मी घरी काही बोलले नाही. बोलले तर आबांना कळणार होतं की ज्या पैशांपायी अक्काचा बंब गेला ते पैसे सरकारकडे गेलेच नाहीत. न बोलावं तर तो गोड बोलणारा सुटणार होता. शेवटी एका संध्याकाळी आबा अंगणात बाजेवर बसले होते तेव्हा मी सांगून टाकलं. आबा उठून आत गेले, ट्रंक उघडली आणि सुतळी सोडून बरोबर ती दोन बिलं काढली, लग्नाच्या भांड्यांचं आणि बंबाचं. माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणाले, "पोच लिहून दे."

मी वहीचं पान फाडून माझ्या बापाला दोन बिलांची पोच लिहून दिली. आई आत हसत होती. ते हसणं ऐकवत नव्हतं.

लग्नाच्या बिलावर जो नंबर होता त्याच नंबराखाली दुकानदाराच्या चोपडीत सहा वाट्या विकल्याची नोंद निघाली. आबांनी साक्ष दिली, इस्त्रीचा सदरा घालून, उभं राहून. दुकानदाराला मात्र कोणीतरी खुर्ची दिली होती. तो आबांना म्हणाला, "मास्तर, मी तुमचं काय वाकडं केलं? माल चोख दिला ना?" त्याला खरंच कळत नव्हतं. शिकवायची जन्मभराची सवय आणि नेमक्या त्या वेळी उत्तर सुचलं नाही, याचं आबांना फार वाईट वाटलं.

टॅक्स, व्याज आणि दंड, असा हुकूम झाला. दुकानदार अपिलात गेला. तारखा पडू लागल्या. मधल्या काळात आबा रिटायर झाले. देशाने सोनं परदेशात गहाण ठेवल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि जेवले नाहीत, जणू त्यांच्याच घरचे दागिने गेले. आई म्हणाली, तुमना बंब गहाण ठेवा आते. त्याच आठवड्यात भांडेवाल्याला आणखी एक तारीख वाढवून मिळाली होती. मी घरी सांगितलं नाही. दर दोन-चार महिन्यांनी आबा मला विचारायचे, भरला का त्याने? मी म्हणायचे, अपील चालू आहे.

आणि मग सरकारने योजना काढली. जुन्या थकबाकीदारांनी ठरावीक हिस्सा भरावा, उरलेला टॅक्स, व्याज आणि दंड माफ. सरकारला पैशांची नड होती, आणि बुडव्यांकडून मिळेल ते घेण्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. ज्यांनी वेळेवर, पूर्ण आणि मुकाट भरला होता त्यांच्यासाठी त्या परिपत्रकात एक ओळही नव्हती. मी ते तीनदा वाचलं. भांडेवाला पहिल्याच आठवड्यात आला. हिस्सा भरला, साहेबांकडे चहा प्याला. तुमच्याकडे काही येणं बाकी नाही, असं त्याला कळवणारं पत्र मीच टाईप केलं. कागद चांगला घेतला, अक्षरही कुठे चुकू दिलं नाही. माझा पगार त्यासाठीच होता.

त्या दिवशी आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, भरला आबा. दंडासकट.

आबा इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते एसटीने रावेरला गेले, अक्काच्या ओसरीवर बसले आणि सासूच्या देखत तिला म्हणाले की तुझ्या बंबाचे पैसे पोचले, आज देशाचं आणि आपलं फिटलं. सासूने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. अक्का बरं झालं म्हणाली. हे त्यांनी मला आनंदाने सांगितलं.

त्याच वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. सकाळी न्हाणीघरात मी तिला बंबातून बादली काढून देत होते. तिने दार लोटलं आणि हळूच विचारलं, खरं सांग, किती भरला त्याने? मला तिच्याशी खोटं बोलवेना. मी हिस्सा सांगितला. व्याज माफ झालं हे सांगितलं, दंड माफ झाला हेही सांगितलं.

अक्का पाटावर बसून भाजलेल्या पावलावर तांब्याने पाणी घेत होती. कातडी तिथे अजून गुळगुळीत आणि पांढरट होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"मग दंड मीच भरला की," ती म्हणाली, आणि दुसरी बादली मागितली.