आधीच्याला कळवावे

“ताई, शिक्षा भोगली म्हंजे चोरी केली असं नाय. एवढं पयलं टाइप करा.”

पेणच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली मी अर्ज टाइप करून द्यायची. काका पहिल्यांदा आले ते बसायच्या आधीच हे बोलले. खाडीकडचे, मिठागरावर राबलेले, टाचा कायमच्या चिरलेल्या. तुम्ही कोर्टाच्या आवारात कधी थांबला असाल तर पाहिलं असेल, अर्ज सांगताना माणसं भलतीकडे बघतात. काका माझ्या बोटांकडे बघायचे. बोटं थांबली की तेही थांबायचे.

हकीकत अशी. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, म्हणून ते रोह्याजवळ वरसेला एका घराच्या कामावर बिगारी म्हणून गेले होते. त्याच आठवड्यात त्या घरच्या काकींना कुणीतरी ढकलून हातातली पाटली ओरबाडून नेली. काकींनी पोलिसांपुढे यांच्याकडे बोट दाखवलं. कोर्टातही दाखवलं. सात वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी भोगून ते घरी आले, आणि मग खरा चोर दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. त्याने ही चोरीही कबूल केली. पोलिसांनी काकींना बोलावून पाटली ओळखायला लावली आणि परत दिली. काकांना हे कळलं ते वरसेच्या एका गवंड्याकडून.

“पाटलीला घरी पोचवलं. मना कुणी हाक पन नाय मारली,” ते हसून सांगायचे.

आधी शिक्षा झालेल्याला कळवावं असा नियमच नव्हता. ओळखीचे वकील म्हणायचे, शिक्षा संपली, आता कशाला उकरून काढता? पण डोलवीकडे कंपनीत माळीकाम मागायला गेलं की पोलिसांचा दाखला आडवा यायचा. आणि गावात कुणाच्या लग्नघरी आतल्या खोलीत काही आणायला गेले, तर कुणीतरी सहज म्हणून त्यांच्याबरोबर चालायचं. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

शेवटी एक सरकारी मदतीतला वकील मिळाला. उच्च न्यायालयात उशिरा का होईना अपील करू, म्हणाला, पण काकींचं प्रतिज्ञापत्र हवं. मी काकांबरोबर वरसेला गेले. काकी ऐंशीच्या पुढच्या. काकांना बघताच धडपडत उठायला लागल्या.

“बसा काकी. तुमी मुद्दाम नाय केलं, मना म्हाईत हाय.”

“मला तूच दिसलास रे बाबा. शपथ घेऊन सांगते, तेव्हा मला तूच वाटलास.”

मुलगा मध्ये पडला. “आता आईने शब्द फिरवला तर खोट्या साक्षीत हिलाच आत घालतील. या वयात?”

काकांनी वाद घातला नाही. चहा प्यायले, कप स्वतः विसळून ठेवला आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर मी चिडले. ते म्हणाले, “आतमधी म्हाताऱ्या मानसाचं काय होतं ते मी बघितलंय. तिला नको.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट सरकारला अर्ज सांगायला घेतला. खरा गुन्हेगार सापडला, तर आधीच्याला सरकारने आपणहून कळवावे आणि वकील द्यावा. नजरचुकीने चुकलेला साक्षीदार खरे सांगायला आला, तर त्याला धरू नये. असा कायदा करावा.

“काका, हे दुसरं तुमच्यापेक्षा काकींच्याच फायद्याचं आहे.”

“तेच वरती घ्या.”

उत्तरादाखल नुसती पोच आली. पण मी त्यांना न विचारता त्या अर्जाची एक प्रत वरसेला पोस्टाने पाठवली होती. महिन्याभराने भर दुपारी काकी एसटीतून उतरल्या. मुलाने दंड धरलेला, तोंड अजून नाराजच. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. ते आणि चोराचा जबाब अपिलात दाखल झाला. निकाल यायला दोन वर्षं लागली. इंग्रजी निकालातून मी त्यांना सांगितलं, “काका, निर्दोष.”

“परत वाचा.”

मी चार वेळा वाचलं.

पुढे कंपनीत माळी म्हणून लागले. गळ्यातला पास मला दाखवायला आले, त्यावरचा आपलाच फोटो उजेडात धरून बघत बसले. “ताई, चोर दिसतो काय वो मी?” मी हसले, मग मला रडू आलं. त्यांनी शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

स्वतःचं काम झालं तरी अर्ज थांबला नाही. दर वर्षी तोच मजकूर, नवी तारीख. “माझ्यासारका कुनीतरी आत असंलच की.” कायदा काही झाला नाही.

शेवटच्या वर्षी अर्ज तयार करून ठेवला होता. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर सही करायला येणार होते. मंगळवारी त्यांची मुलगी आली. काका रविवारी पहाटे झोपेतच गेले होते.

तो कागद मला फाडवेना. मी तो घेऊन वरसेला गेले. काका गेल्याचं सांगून काकींना तो वाचून दाखवला. त्यांनी मुलाकडून चष्मा मागून घेतला, पेन हातात धरलं आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“कुठे करू सही? नीट बोट ठेवून दाखव गो. या वेळी चूक नको.”