नाकावर पास झालेली टाकी

आमच्या ह्यांना कामाच्या शेडमध्ये सगळे राघोभाऊ म्हणतात. शेठ तर येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "मशीन झूठ बोलेगा, राघो का नाक नहीं." मला हसू यायचं. मी म्हणायची, एवढं गाजलेलं नाक घरी आल्यावर कुठे काढून ठेवता? कोपऱ्यात कांदा सडला तरी मलाच शोधावा लागतो. ते नुसते मिशीत हसायचे. मी तोंडाची फटकळ, हे त्यांना लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं म्हणे.

हे मूळचे पोलादपूरकडचे. शाळा सोडून काकांबरोबर इकडे आले ते गंज खरवडायच्या कामाला. वरसाव्याला हायवेवरून आत एक शेड आहे, तिथे पाइप, टाक्या, कारखान्यांचे लोखंडी जिने यांना जाड कोटिंग मारतात. खरवडता खरवडता हे ब्रश धरायला शिकले, मग स्प्रे. एसटीने गावी निघालो की वाटेतल्या एका कारखान्याचा जिना दाखवायचे. "बघ सुलू, मी मारलेला. अजून डाग नाही." दरवेळी तोच जिना. मी दरवेळी बघायची, काय करणार.

हा काही भिंतीचा रंग नव्हे. दोन डबे असतात, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. मापात मिसळले की आतल्या आत तापतात नि घट्ट होत जातात. हे म्हणायचे, लग्नासारखं आहे, एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही. पण वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. बोटाला लागत नाही म्हणजे वाळलं. आतपर्यंत दगड झाला म्हणजे पक्कं, आणि त्याला दिवस जातात, दमट हवेत तर विचारूच नका. वारा किती खेळवायचा, मास्क कुठला लावायचा, टाकीत पाणी कधी सोडायचं, हे सगळं डब्यासोबत येणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. शेडमध्ये त्या कागदावर वडापाव ठेवून खातात.

कागदापेक्षा ह्यांच्या नाकावर भरवसा. कच्च्या रंगाला थिनरचा वास मारतो, पक्का झाला की वास जातो. म्हणून शेडची रीत अशी, की टाकीचं झाकण लावून ठेवायचं, सकाळी उघडायचं, आणि ह्यांनी आत तोंड घालून खोल श्वास घ्यायचा. हे "झाला" म्हणाले की झाला.

ह्यांचे जोडीदार बापूराव. नांदेडकडचे, आमच्याच चाळीत दोन दारं सोडून राहतात. त्यांची पंचशीला आणि मी एकमेकींच्या भाज्या खाऊन म्हाताऱ्या होत चाललोय. रंग मिसळायचं काम बापूभाऊंचं, मारायचं ह्यांचं. बापूभाऊ डबे मिसळताना आणि टाकीत उतरताना दोन्ही गालांवर गाळणीच्या डब्या असलेला तो मोठा मास्क लावायचे. शेडमधले "हत्ती आला" म्हणून चिडवायचे, तरी काढायचे नाहीत. आमच्या ह्यांचा मास्क मात्र शेडच्या टेम्पोत खिळ्याला टांगलेला. मी कितीदा बोलले. उत्तर ठरलेलं, "मास्क लावून वास कसा घेऊ? ज्या नाकावर पोट चालतं तेच झाकून ठेवू?"

पावसाळा सरता सरता बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीचं काम आलं. जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी झिरपत होती, तिला आतून कोटिंग. लोक टँकरच्या पाण्याने कावलेले, सेक्रेटरी सारखा फोन करायचा. कोटिंग मारून झाल्यावर टाकी बघायची होती त्या सकाळी नेमके बापूभाऊ पंचशीलाचे डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. हे एकटेच गेले. तोंड घातलं, श्वास घेतला, म्हणाले, "झाला." पाणी सोडलं.

मग सोसायटीत पोरं ओकायला लागली. मोठ्यांच्या तोंडात आग. तळमजल्यावरच्या समिधा म्हणून बाई आहेत, त्यांची छोटी निशिगंधा पाणीसुद्धा पोटात ठेवीना. तिला हॉस्पिटलात भरती केलं. टाकी उपसली तर भिंती ठणठणीत, पण तळाच्या ओलसर कोपऱ्यात रंग लोण्यासारखा. नख रुतत होतं.

शेठला कुणाची तरी मान हवी होती. "बापू ने हार्डनर कम डाला होगा," म्हणाला, झालं. सोसायटीच्या लोकांसमोर बापूभाऊंना उभं केलं. समिधाबाई त्यांना काय नाही ते बोलल्या, आईच ती, बोलणारच. त्याच दिवशी त्यांना कामावरून घरी बसवलं. चाळीत कुजबुज सुरू झाली, बापूने पोरांना विष पाजलं म्हणून. नळावर बायका पंचशीलाला जागा करून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. बापूभाऊ तोंडातून शब्द काढत नव्हते. संध्याकाळी दारात बसून राहायचे, हे कामावरून आले की ह्यांच्याकडे बघायचे. आणि हे मान खाली घालून घरात शिरायचे.

खाई त्याला खवखवे म्हणतात. ह्यांचं जेवण सुटलं. पिशवीत सफरचंदं घेऊन हॉस्पिटलच्या गेटापर्यंत जायचे आणि तशीच परत आणायचे. मी विचारलं की म्हणायचे, भेटायची वेळ संपली होती. मला वाटलं, जोडीदाराचं दुःख लागलंय. मी भोळी.

एका संध्याकाळी भात गॅसवर ठेवून मी नळावर गेले. तेवढ्यात पंचशीलाने तिच्या दारातून हाक मारली, "सुलू, भात लागला बघ तुझा." पळत आले. बुडाशी नुसता कोळसा. आणि हे गॅसपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसलेले, टक्क जागे.

मी पेटलेच. "अहो, सगळ्या चाळीला वास गेला आणि तुमच्या नाकाला..." एवढं बोलले आणि माझं मलाच उमगलं, मी काय बोलतेय. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे वळले.

"येत नाही," ते म्हणाले. "आधी थिनरचा जायला लागला, मग सगळ्याचाच गेला. बराच काळ झाला."

"मग टाकीत तोंड घालून काय करत होता?"

"बापूकडे बघायचो. तो बाजूला असायचा. त्याने मास्क खाली करून नाक मुरडलं तर मी म्हणायचो, राहू दे अजून. नाही मुरडलं तर म्हणायचो, झाला. त्या दिवशी तो नव्हता, सुलू. सेक्रेटरी डोक्यावर उभा होता. मी म्हणून टाकलं."

मला इतका राग आला की ते करपलेलं पातेलं ह्यांच्या डोक्यात घालावं. दयाही आली, पण ती मी गिळली. म्हटलं, "आणि बापूभाऊंचं हार्डनर?"

"मापात होतं. त्याच डब्यातला रंग भिंतीवर दगड झालाय. कोपऱ्यात ओल होती, थांबायला हवं होतं, एवढंच."

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "नाक गेलं हे कळलं तर मला कोण ठेवील? दुसरं येतं काय मला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवत होता. मी म्हटलं, "तुमच्या नाकाचं काय ते डॉक्टर बघतील. त्या माणसाचं नाव गेलंय, ते कोण आणून देणार? समिधाबाईंचे शिव्याशाप ते तुमच्या वाटणीचे खातायत."

रात्रभर हे कूस बदलत होते. सकाळी अंघोळ करून शर्ट घातला आणि म्हणाले, चल. मीही गेले. वाटेत पाय मागे वळले असते तर ढकलायला कुणीतरी हवं होतं.

शेडमध्ये सगळ्यांसमोर बोलले. शेठ आधी हसला, मग खेकसला, "पागल हुआ है क्या? मामला निपट गया. जा के काम कर." हे म्हणाले, "निपटा नहीं, सेठ," आणि तिथून आम्ही तडक बेव्हर्ली पार्कला गेलो. निशिगंधा घरी आली होती, पलंगावर बसून चित्र रंगवत होती. ह्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून समिधाबाईंना सगळं सांगितलं, हात जोडले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मी त्या दुसऱ्या माणसाला काय काय बोलले हो. तुम्ही तिथेच उभे होतात." आणि दार लावून घेतलं.

परत चाळीत आलो. बापूभाऊ दारातच होते. हे त्यांच्यासमोर उभे राहिले, मला वास येत नाही इथून सुरुवात केली, शेवटपर्यंत सांगितलं. पंचशीला आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"नाक गेलंय ते मला माहीत होतं," बापूभाऊ म्हणाले. "नाहीतर मी कशाला नाक मुरडून दाखवत होतो?"

ह्यांनी मान वर केली. "मग बोलला का नाहीस? माझ्यासाठी शिव्या का खाल्ल्यास?"

"मी बोललो असतो तर तुझी भाकरी मी तोडली असती. तू बोलला असतास तर ती गोष्ट वेगळी." बापूभाऊंचा आवाज चढला नाही. "वाटलं, राघो येईल. शेठसमोर नाही बोलला, संध्याकाळी घरी तरी येईल. नाही आलास. म्हटलं, उद्या येईल. रोज म्हणत होतो, उद्या येईल."

ह्यांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि तोंड झाकून रडायला लागले. चाळीची दारं उघडली, लोक बघायला लागले. मी त्यांना उठवायला गेले नाही.