त्रयस्थ व्यक्तीचे अकरा सेकंद

अर्जदार : पुरुष, वय एकाहत्तर, निवृत्त टर्नर. डावा कान निकामी, उजवा कामचलाऊ. मागितलेली माहिती : पथदिव्याच्या तक्रारीसंबंधी नगरपालिकेच्या तक्रार कक्षात आलेल्या एका दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण. तक्रारदाराशी नाते : पती. कारण : —

कारणाचा रकाना त्याने आधी भरला होता. माहिती विभागाच्या खिडकीतल्या बाईंनी त्यावर रेघ मारली.

“कारण लिहायची सक्ती नाही, काका. लिहिलंत की चार जण वाचत बसतात.”

त्याने लिहिलं होतं, ‘आवाज ऐकायचा आहे.’

बायकोला जाऊन पावणेतीन वर्षं झाली होती. फोटो भरपूर होते, पण फोटोत ती नेहमी तोंड मिटून उभी. मोबाइलमध्ये बोलून ठेवणं वगैरे तिला पोरखेळ वाटे. चाळीस वर्षं लेथपुढे उभं राहून त्याचे कान गेले, म्हणून घरात ती नेहमी चढ्या आवाजात बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्यात रोज भांडण. खरं तर ती फक्त ‘भाजी आणलीत का’ एवढंच विचारत असे. आता शेजारी म्हणत, अलीकडे तुमच्याकडे बरीच शांतता असते.

भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढताना मागे तिच्या अक्षरात एक ओळ सापडली : ‘खिडकीसमोरचा दिवा, तक्रार ४४०७.’ तक्रार कक्षाला फोन केला की आधी एक बाई सांगते, आपले संभाषण नोंदवले जात आहे. हे वाक्य तो जन्मभर ऐकून सोडून देत आला होता. या वेळी तो खुर्चीत बसला.

मेहुणीला सांगितलं, तर ती फोनवर फिस्सकन हसली.

“काय भाऊजी! ताई जिवंत असताना तिचं एक अक्षर ऐकलं नाहीत, आणि आता अर्ज करून ऐकणार?”

“ऐकू येत नव्हतं गं.”

“माझं बरं ऐकू येतंय.”

फोन त्याने उजव्या कानाला लावला होता.

महिन्याभराने पेनड्राइव्ह मिळाला, सोबत पोच. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरपाशी, हेडफोन उजव्या कानावर दाबून, तो ऐकायला बसला.

“नमस्कार, तक्रार कक्ष,” एक पोरगेला आवाज म्हणाला. मग काहीच नाही. मग, “कुठला खांब?” मग काहीच नाही. “हो का? किती दिवस झाले?” काहीच नाही. “अहो मावशी, मग मिस्टरांना सांगायचं ना, तेच लावतील दिवा!” इथे बराच वेळ काहीच नाही. आणि मग ती मुलगी खळखळून हसली, इतकी की तिला ठसका लागला. “बरं, बरं. नोंदवते हं. ४४०७.”

हेडफोन बिघडलाय असं वाटून त्याने दुसरा घेतला. मग घड्याळ लावून रिकाम्या जागा मोजल्या. त्याने आयुष्यभर सुताचा फरक डोळ्यांनी पकडला होता. चार सेकंद, सात, पाच, आणि हसण्याआधी अकरा.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी होता.

“बाई, यात ती नाहीच.”

“काढावं लागतं, काका. त्रयस्थ व्यक्तीचं बोलणं देता येत नाही.”

“त्रयस्थ कोण?”

“तक्रारदार.”

“बायको आहे माझी.”

“कागदावर ती त्रयस्थच. अर्जदार तुम्ही, कार्यालय आम्ही, उरली ती त्रयस्थ. त्यांची लेखी संमती आणा, लगेच देते.”

त्याने पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो वाचला, परत वाचला, आणि आवाज खाली आणला. तो त्याच्या कानाला पोचेना म्हणून त्यांना पुन्हा चढवावा लागला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

“अपील करा! दाखला जोडा! पण तीन वर्षं झाली की मुद्रण आपोआप पुसलं जातं. त्याच्या आत निकाल लागला तर लागला!”

तो जायला वळला आणि परत आला.

“काढण्यासाठी कुणीतरी ऐकलं असेल ना?”

“मीच ऐकलं.”

“त्या मोठ्या गॅपमध्ये काय आहे?”

“ते सांगता येत नाही.”

“माझ्याबद्दल आहे?”

बाईंनी ओठ आत घेतले, हसू आवरताना घेतात तसे, आणि शिक्का उचलला.

“वाईट नाहीये काही, काका. पुढचे या.”

‘वाईट नाही’ हे माप त्याला चालण्यासारखं नव्हतं. कारखान्यात अशा मापावर कुणी जॉब पास केला नसता. घरी येऊन त्याने अकरा सेकंदांत बसेल असं काय काय बोलून पाहिलं. ‘ते दिवा लावतील, पण आधी मला ओरडून सांगावं लागेल,’ हे साडेचार सेकंदांत संपलं. ‘त्यांना सांगण्यापेक्षा खांबाला सांगितलेलं बरं’ हे तिच्या तोंडी शोभलं असतं, पण फारच आखूड. ती असती तर हात हलवून म्हणाली असती, काय एकटेच बडबडताय? मेहुणीला विचारलं. ती या खेपेला हसली नाही.

“मला काय माहीत, भाऊजी. तुम्हाला माहीत असायला हवं.”

अपिलाचा निकाल चौथ्या महिन्यात आला. त्यात लिहिलं होतं : ‘अर्जदार हे मयत तक्रारदाराचे पती असल्याचे सिद्ध होत असल्याने संपूर्ण ध्वनिमुद्रण पुरवण्यास हरकत नाही. तथापि विहित मुदत संपल्याने सदर मुद्रण नष्ट करण्यात आले आहे. मूळ तक्रार क्र. ४४०७ बाबत आवश्यक ती कार्यवाही पूर्ण झाली असून तक्रारदाराचे समाधान झाले आहे. सबब प्रकरण निकाली.’

पत्र आलं तेव्हा दिवेलागण झाली होती. उजेड कमी पडला म्हणून तो ते घेऊन खिडकीशी गेला, पण तिथेही वाचता येईना.

समोरचा दिवा बंद होता.