सासरा नसलेलं स्थळ

माझी ताई मूळ नक्षत्रावर जन्मली. मुळावरची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते, असं आमच्याकडं मानतात. म्हणजे सासरा नसलेलंच घर शोधायचं. उमरीजवळच्या आमच्या गावात शिकून रिकामा असा मीच, म्हणून हे काम माझ्याकडं. लोक मुलाचा पगार विचारायचे, मी विचारायचो, "वडील जाऊन किती वर्षं झाली?" एका म्हाताऱ्यानं मला पुरतं ओळखलं. "अजून मेलो न्हाई, पोरा. चहा पी अन् जा."

ताई तिशीला टेकली तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. तिथल्या कचेरीत लागलेला जळकोटचा एक कारकून सापडला. त्याचे वडील मागच्या दुष्काळात कामाला म्हणून हैदराबादेकडं गेले, ते तिकडंच वारले अशी खबर होती. मुलाच्या आईनं कुंकू पुसलं होतं. मला तर हर्षच झाला. देव क्षमा करो. ताईनं पहिल्यांदाच मला आडून विचारलं, "हसतो का रे त्यो?"

साखरपुडा आमच्या दारात. पाऊस नव्हताच, पाहुण्यांना पाणीसुद्धा मी मोजकंच देत होतो. ताईची ओटी भरून झाली आणि एक म्हातारा गाठोडं घेऊन मांडवात आला. मीच पुढं झालो. "या मामा, बसा." पेलाभर पाणी दिलं, चांगलं पुढं बसवलं.

"पोरगं नव्या जिल्ह्यात साहेब झालं म्हनं. जळकोटला गेलतो, तर सगळे हितं आलेले."

मुलाच्या आईनं हंबरडा फोडला. मुलगा धावत येऊन बापाच्या पायावर पडला. आमच्याकडच्या बायकाही रडत होत्या, पण आनंदानं नव्हे.

थोड्या वेळानं मुलाच्या आईनं आमच्या आईचे हात धरले. "आत्ता कुठं माणूस आलाय, अक्का. मूळ हाय तुमच्या लेकीला. मला भ्या वाटतंय." मुलानं ताईकडं एकदाच बघितलं आणि बापाचं गाठोडं उचललं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "दुसरं बघू."

"नको," ताई म्हणाली. "कुनाचा तरी बाप मेलेला असू दे, असं देवाला किती दिस मागू?" त्यानंतर तिनं मला स्थळ बघायला कधीच जाऊ दिलं नाही.

ओटीतले तांदूळ परत करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. साल दुष्काळाचं. आईनं ते कुंकवाचे तांदूळ घागरीच्या तळातल्या पाण्यानं धुतले आणि शिजवले. आम्ही सगळे जेवलो. ताईसुद्धा.